ठासणीवाल्याचे पार्सल

अमेरिकन ठासणीवाला हा बहुधा निवृत्तीला टेकलेला, दाढी राखलेला आणि स्वभावाने गरीब गृहस्थ असतो. आधुनिक बंदुकांत त्याला काडीचा रस नसतो. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तेलकट चिंधीत धरलेली शिशाची गोळी तोंडावर बसवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, कानाशी रंजक घालायची, घोडा चढवायचा आणि एवढे झाल्यावर चाप ओढायचा. चकमकीने ठिणगी टाकली तर टाकली. हवा दमट असेल तर फुसका बार ठरलेला. ठासणीवाल्याला नेमके हेच आवडते. मिनिटाला तीस गोळ्या झाडणाऱ्यांची त्याला कीव येते.

या मंडळींची राष्ट्रीय संघटना 1933 मध्ये स्थापन झाली. तिचे ठाणे इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या चिमुकल्या गावात आहे आणि नेमबाजीचे मोठे मेळावेही तिथेच भरतात. दुसरा मेळावा वेशभूषेचा. 1825 ते 1840 या काळात रॉकी पर्वतात फरच्या व्यापाऱ्यांच्या वार्षिक जत्रा भरत, त्यांची हुबेहूब नक्कल करायची. झालरीचे चामडी कपडे, कंबरेला सुरी, खांद्याला दारूचे शिंग. 1840 नंतरची कुठलीही वस्तू नजरेस पडता कामा नये, असा दंडक असतो. म्हणून बियरच्या थंड पेटीवर घोंगडी टाकलेली असते.

बंदूकही जुनी असतेच असे नाही. उत्तर इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने वाल त्रोंपिया नावाचे बंदूक बनवणाऱ्यांचे गाव आहे. तिथला पेदेर्सोली हा कारखाना 1957 चा. अमेरिकेतल्या कितीतरी ‘क्रांतियुद्धातल्या’ बंदुका अशा इटालियन कारखान्यांतून येतात. म्हणजे बंदूक आजोबांच्या आजोबांच्या काळातली दिसली, तरी तिचा जन्म मालकाच्या लग्नानंतरचा असू शकतो.

ठासणीवाल्याकडे गरजेपेक्षा बंदुका जास्त असतात आणि नवी घ्यायची तर जुनी विकावी लागते, ही घरातली अट. गिऱ्हाईक मिळते ते तीन राज्यांपलीकडे. मग पार्सल आले, आणि पार्सलाबरोबर त्याच्या आयुष्यातला मोठा पेच आला. एरवी त्याच्या बंदुकीला कुणी खेळणे म्हटले, तर तो दिवसभर बोलत नाही. अर्ध्या इंचाची गोळी हरणाला आडवे करते, हे तो पाहुण्याला चहाआधी सांगतो. पोस्टाच्या खिडकीवर मात्र त्याला शपथेवर सांगावे लागते, की ही बंदूक नव्हेच.

कायदा त्याच्या बाजूने आहे. 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 साली किंवा त्याआधी बनलेले हत्यार ‘पुराणवस्तू’ ठरते. नेहमीचे काडतूस न चालणारी त्याची प्रतिकृतीही त्यातच मोडते. 1998 च्या दुरुस्तीने काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना स्वतंत्र कलम मिळाले. पुराणवस्तू ही कायद्याच्या लेखी ‘बंदूक’ नाही. म्हणून ती परवानाधारक दुकानदाराच्या मध्यस्थीशिवाय थेट गिऱ्हाइकाच्या दारी जाऊ शकते. आधुनिक बंदुकीच्या सांगाड्यावर बेतलेली, किंवा नळी बदलली की काडतूस खाणारी ठासणी मात्र या सवलतीत बसत नाही. शिवाय राज्यांचे कायदे निराळे. न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाचा पत्ता दिसला, की जाणता ठासणीवाला आधी तिथले नियम वाचतो.

कोकणातल्या शेतकऱ्याला हे ऐकून घेरी येईल. डुकरे-माकडे हाकायला ठेवलेल्या त्याच्या ठासणीच्या बंदुकीला 1959 च्या शस्त्र कायद्याचा परवाना लागतो, त्याचे नूतनीकरण लागते आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. तिला पोस्टात टाकण्याचा विचार त्याच्या स्वप्नातही येत नाही.

बांधाबांध हा ठासणीवाल्याचा खरा दिवाळसण. पहिले काम बंदूक रिकामी असल्याची खात्री करण्याचे, आणि इथे त्याची चेष्टा करू नये. जुन्या बंदुका कित्येकदा भरलेल्याच भिंतीवर टांगलेल्या सापडतात. तो गज नळीत सोडतो, तोंडाशी बोटाने खूण धरतो, मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहतो. टोक कानापर्यंत पोचले तर नळी मोकळी. दोन बोटे अलीकडेच थांबले, तर आत काहीतरी आहे, आणि त्या दिवशी पार्सल होत नाही.

पुढचा प्रश्न लांबीचा. हॉकेन धाटणीची रायफल असेल तर पाचर काढून नळी सुटी करता येते. पेनसिल्व्हेनियाची लांब रायफल जवळजवळ पाच फूट, आणि तिची नळी बारीक पिनांनी लाकडात बसवलेली, ती उचकटण्याची छाती कुणाला होत नाही. तीस इंचांपुढे पोस्ट जादा आकार लावते. म्हणून ठासणीवाला प्लंबरकडून पाइपाचा तुकडा आणतो किंवा पडद्याच्या दांडीचे खोके वर्षभर माळ्यावर जपतो. सगळी भीती दस्त्याच्या मानेची. बंदूक प्रवासात मोडली तर बहुधा तिथेच मोडते. नवजात बाळाची धरावी तशी ती मान तो फोम, घोंगडी आणि चिकटपट्टीत धरून ठेवतो. खोक्यावर आतल्या मालाचा सुगावा लागेल असे काही लिहायचे नसते, हा नियम त्याच्या जिवावर येतो.

खिडकीवर ठरलेला संवाद होतो. “द्रव, नाशवंत, नाजूक, धोक्याचे असे काही आहे का?”

“नाजूक,” तो म्हणतो. त्याच्या दृष्टीने हे अक्षरशः खरे असते.

“म्हणजे काय आहे?”

तो खिशातून पोस्टाच्याच 52 क्रमांकाच्या पुस्तिकेच्या छापील प्रती काढतो. पिस्तूल असेल तर त्याला विशेष चेव चढतो. लपवता येणारी हत्यारे टपालातून पाठवायला 1927 मध्ये बंदी आली, पण संग्राह्य किंवा संग्रहालयात शोभणाऱ्या पुराणवस्तूंना मोकळीक राहिली. रविवारी ज्या पिस्तुलाने तो पत्र्याचे डबे उडवतो, ते सोमवारी असे संग्रहालयाची वस्तू होते. मागची रांग उसासे टाकते. खासगी कुरिअरकडे गेला तर तिथले नियम आणखी वेगळे, आणि काउंटरवरचा पोरगा ‘बंदूक’ हा शब्द ऐकताच मॅनेजरला हाक मारतो.

गोळ्या आणि गारगोट्या खुशाल पाठवता येतात. दारू आणि पेटवायच्या टोप्या यांना मात्र टपालात पूर्ण मज्जाव, कारण त्या स्फोटक. घरी हौसेसाठी पन्नास पौंडांपर्यंत काळी दारू बिनापरवाना ठेवायला संघीय कायदा मोकळीक देतो, पोस्टात चिमूटभरही चालत नाही. त्यामुळे बंदुकीसोबत शिंग द्यायचे कबूल केले असेल, तर ते आदल्या रात्री धुऊन, पुसून, वाळवून ठेवावे लागते.

पार्सल गेले, की 1840 नंतरचे जग नाकारणारा हा माणूस तासातासाला मोबाइलवर त्याचा माग काढतो. पोचल्यावर मान मोडलेली निघालीच, तर विम्याच्या दाव्यासाठी खोके आणि आतले सगळे वेष्टण दाखवावे लागते, आणि ते गिऱ्हाइकाने त्याच दिवशी कचऱ्यात टाकलेले असते. काही गिऱ्हाइके मोडक्या मानेवर ओले कच्चे कातडे शिवून ते आवळत वाळू देतात, तीच बंदूक पुढच्या मेळाव्यात सरहद्दीवरची अस्सल दुरुस्ती म्हणून मिरवतात आणि जादा दामाने विकतात. विकणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. विमा उतरवलेल्या रकमेपलीकडे पोस्ट एक सेंटही देत नाही.