हरकतदार

तलाठ्याने फेरफार नोंदवला की तो कायम होण्यापूर्वी हितसंबंधितांना हरकत घेण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत असते. परंतु घनसावंगी तालुक्यातील आमच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात, शेवटच्या बसकरपट्टीवर मांडी घालून बसणारे जे एक अकरा वर्षांचे गृहस्थ आहेत, त्यांना पंधरा सेकंदही पुरून उरतात. असा हरकतदार प्रत्येक वर्गात एक असतोच. तो हुशारांत मोडत नाही आणि व्रात्यांतही नाही; शाळातपासणीला आलेले साहेब ज्याची नजर चुकवून शेजारच्याला प्रश्न विचारतात, तो हा.

माझा अपराध एवढाच, की मला चित्रे हलवण्याचा नाद लागला. पुठ्ठ्याची कात्रणे फळीवर मांडावीत, मोबाइलवर एक छायाचित्र घ्यावे, कात्रण जवभर सरकवावे, पुन्हा छायाचित्र घ्यावे, आणि सेकंदाला बारा या हिशेबाने दोन मिनिटांच्या फितीसाठी १,४४० छायाचित्रे जमेपर्यंत घरच्यांनी जेवणाच्या हाका मारून थकावे, असा तो उद्योग. पहिली फीत बैलाची होती. बैल डुलत डुलत आला, पोरे खिदळली, पुढच्या पट्टीवरच्या मुलींनी टाळ्या पिटल्या. कोर्टातील गलबला शमण्याची मुन्सफाने वाट पाहावी, तशी वाट पाहून आमच्या हरकतदारांनी पेनाचे टोपण तोंडातून काढले.

"सर, ह्याला येसणच नाही. मंग धरायचा कसा?"

दुसऱ्या फितीत मोसंबीची बाग होती, आणि फळांना मी हौसेने झळझळीत नारिंगी रंग दिला होता. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ते मिळवताना कोणी जेवढी कागदपत्रे दाखल केली असतील, त्या सर्वांचा मतलब या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितला: "ही तं नागपूरची संत्री हायेत, सर. आपली मोसंबी हिरवी असती." ससा-कासवाच्या फितीत इतर मुले ससा पाहत होती; हे मात्र बैलबाजारात दात मोजणाऱ्या गिऱ्हाइकासारखा एक डोळा बारीक करून सशाच्या पायाखालचे ढेकूळ पाहत होते. ढेकूळ तिन्ही वेळा एकच होते, हे खरे. मी ते तीनदा वापरले होते.

अखेर मी थोरांचा आश्रय घेतला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरून, कॅमेरा समोर रोवून, रोज थोडे थोडे चित्रण करीत अंकुराची वाढ पडद्यावर उतरवली आणि ती पाहून त्यांना भांडवल देणारा गृहस्थ प्रसन्न झाला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. बियाण्यांसाठी भारतभर नाव असलेल्या, १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी जिथे 'महिको' काढली त्या जालन्यातून मी कपाशीचे बी आणले, खिडकीतल्या कुंडीत लावले, आणि दिवसाला सहा या बेताने तब्बल महिनाभर छायाचित्रे घेतली. येथे पुठ्ठा नव्हता, रंग नव्हता. साक्षात निसर्ग उभा होता. त्यावर हरकत कोण घेणार?

फीत लागली. माती भेगाळली, वाकडी मान सरळ झाली, दोन दळे उघडली, पाने लहरत वर निघाली. वर्गात कोणी हूं की चूं केले नाही. शेवटच्या पट्टीवर टोपण तोंडातच होते, आणि माझा जीव, खरे सांगायचे तर, हेडमास्तरांपुढेही कधी एवढा टांगणीला लागला नव्हता.

"परत लावा सर."

हे तीन शब्द ऐकून मला जे वाटले ते लिहिण्यात हशील नाही. मी परत लावली.

"थांबा. इथं." ते उठून पडद्यापाशी आले आणि रोपावर बोट ठेवून म्हणाले, "मधी याला पाणी नव्हतं. मान टाकली बघा यानं."

अर्ध्या सेकंदाचा ऐवज तो. सहा छायाचित्रे.

"किती दिवस नव्हतं?" मी विचारले.

"दोन."

सुट्टीनंतर मी हजेरीपुस्तक काढून पाहिले. त्या महिन्यात लागोपाठच्या दोन तारखांपुढे, माझ्याच वळणदार अक्षरात, 'मतदारयादीचे काम, तहसील कार्यालय' असा शेरा होता.