पिस्तूल वजा, जेवण हजर

१९७२ साली ‘द गॉडफादर’ आला आणि अमेरिकेला इटालियन कुटुंबांचा एकदम पुळका आला. टीव्हीवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. अडचण एवढीच, की पोराबाळांसमोर मुडदे कसे पाडणार? त्यात १९७५च्या हंगामापासून रात्री आठ ते नऊ हा तास सहकुटुंब बघण्याजोगा ठेवायचा, असं ठरलेलं. मग हिशेब मांडला गेला. इटालियन कुटुंबातून पिस्तूल वजा केलं की काय उरतं? जेवण. आणि आरडाओरडा, तो तर फुकटच.

या हिशेबातून सप्टेंबर १९७५मध्ये एनबीसीवर ‘द मॉन्टेफुस्कोज’ अवतरली. कनेक्टिकटमधलं भलंमोठं खटलं. सगळ्यांनी रविवारी जेवायला जमायचं, भांडायचं, वाढून घ्यायचं, पुन्हा भांडायचं. तापट बाप, एक मुलगा पाद्री, एक बेकार नट. शिवाय बिगरइटालियन जावई, कारण हे सगळं बघून कुणीतरी अवाक व्हायला हवं ना! बाप झालेला जोसेफ सिरोला मुळात क्रोएशियन आईबापांचा. चालतंय. तोंडाबरोबर हातही बोलू लागले की माणूस इटालियन झाला, असं चॅनेलचं वंशशास्त्र. ते काही नवं नव्हतं. १९५२ साली सीबीएसच्या ‘लाइफ विथ लुइजी’मधला शिकागोचा भाबडा इटालियन जे. कॅरॉल नेश या आयरिश वंशाच्या नटाने रंगवला होता.

गुरुवारी आठला समोर कोण, तर ‘द वॉल्टन्स’. व्हर्जिनियाच्या डोंगरातलं, मंदीच्या काळातलं, गरीब पण सालस कुटुंब. तीही माणसं टेबलाभोवती बसायची, पण ओरडायची नाहीत. प्रेक्षकांनी सालस गरिबी पसंत केली. ऑक्टोबरातच मॉन्टेफुस्कोंना गाशा गुंडाळावा लागला. एवढी खाणारी माणसं, पण चूळ भरायलाही वेळ मिळाला नाही.

खरी दया येते ती रिचर्ड कॅस्टेलानोची. ‘गॉडफादर’मधला क्लेमेन्झा तो हाच. एकीकडे माणसं उडवणार, दुसरीकडे मायकेलला टोमॅटोचा रस्सा कसा करायचा ते प्रेमाने शिकवणार. एबीसीने १९७२च्याच उन्हाळ्यात ‘द सुपर’मध्ये त्याला न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीची देखभाल करायला बसवलं. उन्हाळा सरला, मालिकाही सरली. मग १९७५मध्ये सीबीएसने ‘जो अँड सन्स’मध्ये त्याला होबोकेनचा पत्राकाम करणारा विधुर केलं, पदरात दोन मुलं दिली. नवं वर्ष उजाडलं आणि तीही गेली. पिस्तूल काढून घेतलेल्या क्लेमेन्झाला कोण विचारतो?

त्याच सप्टेंबरात एबीसीच्या ‘हॅपी डेज’मध्ये आर्थर फॉन्झरेली, म्हणजे फॉन्झी, मिलवॉकीच्या कनिंगहॅम कुटुंबाच्या गॅरेजवरच्या खोलीत भाड्याने राहायला आला आणि अख्ख्या देशाचा लाडका झाला. नट हेन्री विंकलर. हा ज्यू आईबापांचा, हे आता वेगळं सांगायला नकोच. मालिका १९८४पर्यंत चालली. या इटालियनामागे ना खटलं, ना रविवारची पंगत. भूक लागली की स्वारी कनिंगहॅमबाईंच्या टेबलावर हजर.