काळ्यावर पांढरं

डहाणूकडे ज्याच्याकडे वजनकाटा असतो त्याला शेठ म्हणतात. मिळकतीचा त्याच्याशी काही संबंध नाही. रानशेतच्या नाक्यावरचे आमचे गिरणीवाले शेठ हे असेच काट्यापुरते शेठ. डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड, आत पिठाची चक्की, दारात तांदूळ-नागलीच्या पिशव्यांची रांग आणि शेठच्या पापण्यांवर बारा महिने पीठ. पंचेचाळिशीपर्यंत या माणसाच्या आयुष्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनाही नव्हतं वाटलं. मग ते डहाणूला एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला गेले.

शिबिर फुकट होतं आणि जेवणात श्रीखंड होतं, म्हणून गेले. तिथे टाय लावलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की आवडीचं काम करा, म्हणजे जन्मभर काम करावंच लागणार नाही. शेठ हे वाक्य जपून घरी घेऊन आले. वहिनी पट्टा चढवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नावडीचं तरी कुठे करता?"

खरी पंचाईत वेगळीच होती. आवड जोपासायची हे ठरलं, पण कुठली, ते शिबिरात सांगितलं नव्हतं. प्रथम तारपा झाला. तारप्यात श्वास न तोडता फुंकत राहावं लागतं. शेठनी पहिल्याच दिवशी इतकी फुंकर घातली की सूर भोपळ्यातच राहिला आणि शेठ खाली बसले. मग चित्रकला. शेजारच्या गंजाडचं उदाहरण समोर होतं. तिथल्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा मशे. लग्नाचा चौक लिहायचा तो बायकांनी, तोही लग्नापुरता, हा वारल्यांचा रिवाज. मशेंनी लग्न नसतानाही रोज चित्रं काढली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेठचा हिशेब सरळ होता. चित्र निघतं तांदळाच्या पिठाने, आणि पीठ तर आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त! वारली चित्रात दोन त्रिकोण टोकाला टोक लावले की माणूस उभा राहतो. शेठचे त्रिकोण मात्र एकमेकांना भेटायचेच नाहीत. आठवडाभर गिरणीची मागची भिंत कमरेत तुटलेल्या माणसांनी भरली. मग पाऊस आला आणि त्याने तो प्रश्न मिटवला.

अशात शाळेत नवे पांढरे फळे आले आणि जुना काळा फळा गिरणीत आला. शेठ तरुणपणी काही वर्षं गिरगावात काढून आलेले. तिथल्या नाक्यांवरचे वार्ताफलक, वळणदार अक्षर, समोर मान वर करून उभी असलेली माणसं हे सगळं डोळ्यांत होतंच. रोज काहीतरी लिहीत जावं असं समर्थही सांगून गेलेत, हे त्यांना शिबिरात कळलं होतं. झालं! लेखक पांढऱ्यावर काळं करतात, शेठनी काळ्यावर पांढरं करायला घेतलं.

तो सोहळा पाहण्यासारखा असे. संध्याकाळी चक्की थांबली की ओल्या गोणपाटाने फळा पुसायचा. वाळेपर्यंत त्याच्यासमोर हात मागे बांधून उभं राहायचं. मग पट्टीने समास आखायचा, वर ‘आजचा विचार’ लिहून खाली दोन रेघा मारायच्या, कोपऱ्यात क्रमांक घालायचा. या सगळ्याला अर्धा तास लागे आणि विचाराला दोन मिनिटं. विचारही साधारण एकाच घाटाचे. उठा, स्वतःला ओळखा, झेप घ्या. फळा तीन फूट रुंद आणि शेठचं अक्षर ऐसपैस, त्यामुळे आत्मविश्वासातला ‘आत्मविश्वा’ वर राही आणि ‘स’ कडेने उतरत उतरत खालच्या ओळीवर पोचे.

वाचक म्हणाल तर दोन प्रकारचे. दळणासाठी थांबलेले आणि टमटमसाठी थांबलेले. दोघांनाही दुसरीकडे जाता येत नसे, म्हणून ते वाचत. पाड्यावरच्या एका आजीला शेठनी विचारलं, "आजी, आजचा विचार वाचलात का?" आजी म्हणाली, "आमाला वाचाया नाय येत रं बाबा. पीठ बारीक कर."

असं वर्षभर चाललं असतं आणि छंद आपोआप विझला असता. पण 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली. धुंदलवाडीच्या बाजूला जोर जास्त, पण भांडी इकडेही वाजत. लोक थंडीत घराबाहेर निजू लागले, पुढे सरकारने तंबू दिले. अशाच एका रात्री जोराचा धक्का बसला. सकाळी न झोपलेली माणसं नाक्यावर जमली, तर समोर फळ्यावर, आदल्या संध्याकाळी लिहिलेलं, दोन रेघांखाली ठसठशीत: ‘हादरे बसल्याशिवाय माणूस घडत नाही.’

कुणी हसलं नाही. शेठना वाटलं, आता मार बसणार. पण गर्दीतून एक म्हातारबाबा पुढे आले, फळ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "शेठ, तुमाला आदी कसं कळलं?"

त्या दिवसापासून शेठना वाचक मिळाले. इतके वाचक मराठी लेखकाच्या वाट्याला सहसा येत नाहीत, आणि इतके गंभीर तर नाहीतच. शेठनी लिहिलं, ‘आयुष्यात वादळे येणारच’, की दुपारपर्यंत आसपासच्या वाळत घातलेल्या मिरच्या घरात. त्यांनी लिहिलं, ‘जुने सोडाल तर नवे मिळेल’, की तिसऱ्या प्रहरी पाड्यावरच्या दोन बायका आपापल्या नवऱ्याला घेऊन गिरणीत हजर. हे नेमकं कुणाबद्दल आहे ते शेठनी त्यांच्यासमोर सांगावं. एकदा भगतही आला. दळण ठेवलं, फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं त्याने विचारलं, "आमी दाणे बघतो. तुमी काय बघता?"

शेठची झोप उडाली. शब्द खरा होतो ही भीती किती लेखकांना असते मला ठाऊक नाही. शेठना ती पुरेपूर होती. झेप, वादळ, संकट, शिखर हे सगळे शब्द त्यांनी एका फटक्यात सोडले. मग उरलं काय? जे होणार हे नक्की आहे, तेवढंच. ‘उद्या सकाळी लाइट जाणार. दळण आज आणा.’ लाइट गेली. नाक्यावर कौतुकाची एक लाट उठली.

आता शेठना विषय हुडकत हिंडावं लागे. जन्मात कुणाची चौकशी न केलेला हा माणूस खिशात वही घालून सकाळी सहाला नाक्यावर उभा राहू लागला. एसटीच्या कंडक्टरला गाडी का चुकली ते विचारायचं. चिकूवाल्याला भाव विचारायचा. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ही बातमी शेठनी तीन वर्षं उशिरा, पण ताजी म्हणून दिली, आणि लोकांनी ताजी म्हणून वाचली. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा, तेव्हा कुठे रस्ता तुंबेल ते लिहायचं. हरवलेली शेळी, सापडलेली चप्पल, कुणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. अक्षर लहान झालं. समास गेला. ‘स’ कडेवरून खाली पडायचा थांबला. परवाच्या धक्क्याचा मजकूर तर मी उतरून घेतला: ‘काल रात्री दोनला हलले. भिंत पडली नाही. कोणी घाबरू नये. मी घाबरलो होतो.’

मी म्हटलं, "शेठ, हे फार चांगलं लिहिलंत."

त्यांना ते लागलं. "हे काय लिखाण आहे? हे लोकांसाठी करावं लागतं. माझं खरं लिखाण ते." त्यांनी खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे चार बोटं जागा राखली होती आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘विचार: जागा उरल्यास.’

महत्त्वाकांक्षा मात्र थांबली नाही. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला जी खोड लावली, ती रानशेतपर्यंत यायला शंभरावर वर्षं लागली, पण आली. शेठनी फळ्याचा दिवाळी अंक काढला. दोन्ही बाजूंनी मजकूर. संपादकीय, एक कविता, गिरणीची जाहिरात. मलपृष्ठावर स्वतःचा लेखक-परिचय होता. फळा भिंतीला टेकवलेला असल्याने तो परिचय आजवर फक्त पालीने वाचला.

या सगळ्या काळात गिरणी कोण चालवत होतं हा प्रश्न वाचकांना पडला नसेल, कारण तो नाक्यावरही कुणाला पडला नाही. पट्टा वहिनी चढवत, दगडाला टाकी वहिनी लावून घेत, उधारीची वही वहिनी लिहीत. त्या वहीतलं अक्षर फळ्यावरल्या अक्षरापेक्षा कितीतरी सुबक आहे, हे मी उधारीमुळे जाणतो. फळ्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच टायवाल्या गृहस्थांनी शेठना शिबिरात बोलायला बोलावलं. विषय, ‘छंदातून विकास’. शेठनी आदल्या रात्री दाढी केली, पापण्या धुतल्या आणि फळ्यावर समास आखून जुन्या ऐसपैस अक्षरात लिहिलं: ‘उद्या मी व्याख्यानासाठी डहाणूस जात आहे. दळणासाठी वहिनींना भेटावे.’

सकाळी माझी पिशवी घेऊन गेलो तर शेडला कुलूप. दारात सातआठ पिशव्या रांगेत, माणसं फळ्यासमोर. शेठच्या मजकुराखाली, उधारीच्या वहीतल्या त्या सुबक अक्षरात, एक ओळ वाढली होती: ‘वहिनी माहेरी गेल्या आहेत. त्यांनाही आवड आहे. दळण सोमवारी.’