माजी मालगुजारी संगणक

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या धानगिरणीच्या कचेरीत ज्या संगणकावर गेली आठ-नऊ वर्षे धानाची आवक, तांदळाची जावक आणि कोंड्याची किरकोळ विक्री बिनतक्रार नोंदली जात आहे, त्याच्या ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर आणि हलका धान कापणीस आला असता, संपुष्टात आला. ‘विंडोज ११’ विनामूल्य आहे. अट इतकीच की यंत्रात ‘टीपीएम २.०’ नामक सुरक्षा-घटक असावा आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा असावा; हे यंत्र त्यात बसत नाही. सोयरीक जुळवितानादेखील आमच्याकडे इतक्या पिढ्या कोणी मोजीत नाही!

गिरणीचे दिवाणजी भिंतीतल्या खऱ्या खिडकीतून तलावाकडे पाहतात. कोहळी लोकांनी बांधलेले असे तलाव आजही धानास पाणी देतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी, गेली, मालगुजार गेले, परंतु सरकारी दप्तरात तलाव ‘माजी मालगुजारी’, अर्थात लाडका ‘मामा’, होऊन राहिला, आणि माजी झाला म्हणून त्याचे पाणी कोणी नाकारले नाही. तथापि त्याचाही गाळ उपसावा लागतो, आणि सुरक्षा-दुरुस्ती थांबलेले यंत्र म्हणजे डागडुजीवाचून राहिलेली पाळ, हे दिवाणजींस उमगते. सबब असे ठरले की, धानखरेदी आटोपेतो हिशेबाच्या यंत्राची इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि नव्या यंत्राचा प्रस्ताव रब्बीनंतर मालकांपुढे ठेवावा.