तक्रार ‘यशस्वीरीत्या’ मिटवणाऱ्या साहेबांना अनावृत पत्र

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं नाव मुद्दाम गाळलं आहे. आपल्या भाऊबंदांनाही पत्र लागू पडावं, एवढाच हेतू.)

विषय : तक्रार मिटवल्याबद्दल आभार.

महोदय,

‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे’ हा आपला संदेश काल रात्री पोचला. त्या क्षणी आमच्या टीव्हीवर गोलंदाज हात वर करून थिजला होता, त्याच्या छातीवर पांढरं चक्र फिरत होतं आणि डिशवर मॅच बघणाऱ्या शेजाऱ्यांकडून ‘आउट!’ अशी आरोळी आली. चेंडू पडण्याआधी विकेट कळण्याचं भाग्य नंदुरबारकरांना आपल्यामुळे लाभलं.

आपली कामाची पद्धत वाखाणण्यासारखी आहे. तक्रार रात्री नऊची असते आणि माणूस सकाळी अकराला येतो. पोरगा गुणी आहे, त्याच्याविरुद्ध माझा चकार शब्द नाही. तो फायबरचा पॉवर मोजतो, डब्यावर लाल दिवा नाही हे दाखवतो, स्पीड टेस्ट लावतो. काटा शंभर एमबीपीएसवर जातो, तो फोटो काढतो, तक्रार बंद. अकरा वाजता आमची अर्धी कॉलनी ऑफिसात, शाळेत नाहीतर मिरचीच्या पथारीवर असते. त्या वेळी शंभर नाही दाखवणार तर कधी?

फोनवरच्या ताईंचा सल्ला ठरलेला : राउटर बंद करून चालू करा. ते करून झालं. मग, आपला वेळ वाचावा म्हणून, आपलं काम मीच केलं. वाय-फायवरचा संशय फेडायला राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ केबल ओढली. पोराने राउटर पहिलं भोक पडलं तिथे, दाराच्या चौकटीवर ठोकला होता. तो मधल्या खोलीत आणला. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारपाजारचे सगळे राउटर कोंबलेले असतात, त्यात कुणाचा मायक्रोवेव्हही लुडबुडतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा, पण त्याला जाड भिंत झेपत नाही, म्हणून राउटर मधोमध हवा. पुतण्याच्या लग्नाचे फोटो घरातले फोन गुपचूप वर चढवत होते, तेही थांबवलं. वर जाणारी वाट तुंबली की खाली येणारा व्हिडिओही अडखळतो, हे आपल्या ताईंना कुणीतरी सांगा. एवढं झाल्यावर दिवसाचा व्हिडिओ लोण्यासारखा चालू लागला.

रात्री नऊ ते अकरा मात्र चक्र तसंच. केबल लावलेली, बाकी सगळं बंद, तरीही.

म्हणून त्याच वेळी दोन मोजमापं घेतली. आपण सुचवलेली टेस्ट रात्रीही शंभर दाखवते, कारण समोरचं यंत्र आपल्याच जाळ्यात बसलेलं आहे. फास्ट डॉट कॉम हे नेटफ्लिक्सचं मापक, २०१६ पासूनचं. ते नेटफ्लिक्सच्याच यंत्रांवरून मोजतं. तिथे काटा पार झोपतो. म्हणजे माझं घर ठीक, गल्लीतली फायबर ठीक. कॉलनीची गर्दी म्हणाल, तर एका फायबरचे साधारण अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकदम पाच-पाच एमबीपीएस ओढले तरी बेरीज ३२० होते. अडतंय ते पुढे, आपण बाहेरच्या जगाकडून माल घेता त्या वेशीवर. तिथली वाट दिवसाच्या हिशोबाने घेतली आहे आणि गिऱ्हाइकं रात्रीची जोडली आहेत.

‘सिनेमा तर नीट चालतो ना?’ असं ताईंनी विचारलं होतं. चालतो, कधीकधी. विरचक धरणाचं पाणी नळाला आलं की आम्ही टाकी भरून ठेवतो. सिनेमाही तसाच पुढचा भाग आधी साठवून ठेवतो. फारच ओढाताण झाली तर चित्र पुसट करून वेळ मारून नेतो. थेट सामन्याची टाकी लहान ठेवावी लागते, कारण जास्त साठवलं तर तो आणखी मागे पडतो. म्हणून पहिला घसा मॅचचाच कोरडा पडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीचा भार सोसावा म्हणून व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचा दर्जा ४८०पीवर आणला होता. ते दिवस आपण रोज रात्री आठवणीने साजरे करता.

वेशीवरची गर्दी टाळायची तर मालाची प्रत प्रेक्षकाजवळ ठेवता येते. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून निघाला. अशा प्रती ठेवण्याच्या धंद्यातली अकामाई ही कंपनीही अमेरिकेत त्याच वर्षी निघाली, म्हणजे ही विद्या आमच्या जिल्ह्याएवढीच जुनी आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच टेंभलीत दिलं गेलं. ऑनलाइन होण्यात आम्ही पहिले आणि लाइनीत शेवटचे, हा मान दुसऱ्या कुणाला मिळायचा नाही. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तरी गाडी राज्याच्या रेषेवर गोल फिरत बसत नाही! धडगाव-मोलगीकडे रेंजसाठी टेकडी चढणाऱ्यांना माझी ही तक्रार म्हणजे चोचले वाटतील, आणि त्यांचं खरं आहे.

कायद्याचं म्हणाल तर आपण सुरक्षित आहात. जानेवारी २०२३ पर्यंत सरकारदरबारी ५१२ केबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणत, आता निदान २ एमबीपीएस लागतात. माझी हाव त्याहून थोडी मोठी. नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने फुल एचडीला ५ पुरतात, ४केला १५. शंभराचे पैसे घ्या, खुशाल घ्या. पण रात्री नऊला वेशीबाहेरचे पाच द्या.

तक्रार पुन्हा उघडत आहे. या वेळी पोराला सकाळी अकराला धाडू नका, रात्री नऊला धाडा, आणि स्पीड टेस्टच्या फोटोत घड्याळही येऊ द्या. जेवण आमच्याकडे. मॅच असेल त्या दिवशी आला तर स्कोअर शेजारी सांगतीलच.

आपला,
नियमित बिल भरणारा एक ग्राहक,
नंदुरबार