सुईचं सोवळं

कोकणात दर आळीला सुईदोऱ्याला पावसापासून जपणारी एक तरी काकू असतेच. आमच्या आळीची नेमकी आमच्या घरात निघाली. मे महिन्यात बाकीच्या बायका आगोटीला लागतात: पापड, सांडगे, सुक्या मिरच्या, लाकडं. काकूची आगोट दोऱ्यांची. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, त्याच्या आत घरातलं सगळं शिवणसामान बंदोबस्तात गेलं पाहिजे. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा आपल्या रेशमाच्या लडीवरच टपून असतो, असं तिचं ठाम मत.

लडी सुकतात त्या पडवीतल्या झोपाळ्यावर. उन्हात रंग उडतो. पुरत्या सुकल्यावरच डबा लागतो, कारण पावसात लावलेला डबा ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडतो. सुया होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत, पावडरीत पुरलेल्या. घामट हाताने सुईला शिवायचं नाही, गंजते. जर काळी पडते म्हणून ती मलमलीत गुंडाळून निराळी. शेजारणीने एकदा डांबरगोळ्या सुचवल्या. काकू म्हणाली, "त्या कसरीला. ओल काय किडा आहे, वासाने पळून जायला?"

तिचा खरा जीव मात्र सिलिकाच्या पुड्यांत. कुणी नवे बूट दाखवायला आलं की, "छान आहेत हो. पुडी कुठाय?" पुड्या पाणी पिऊन सुस्तावल्या की त्या फोडून आतल्या गोळ्या जुन्या कढईत मंद आचेवर परतायच्या, म्हणजे पुन्हा कामाला लागतात. गेल्या आषाढी एकादशीला काका सकाळपासून उपाशी. कढईत पांढरे टपोरे दाणे पाहून त्यांनी आशेने विचारलं, "कूट घातलंस का?"

कोरडा वाटणारा सुती दोराही साध्या हवेत वजनाच्या आठेक टक्के पाणी बाळगून असतो, हे मी कुठेतरी वाचून तिला सांगितलं. सांगायला नको होतं. काकूने रिळाकडे असं पाहिलं, जणू घरच्याच माणसाने परस्पर जमीन विकली. "म्हणजे इतकी वर्षं आतल्या आत?"

एवढ्या जपणुकीतून शिवून काय निघालं, हे विचारायची घरात पद्धत नाही. कपाटात टेबलक्लॉथवर एक मोर आहे. माझ्या मुंजीच्या वेळी त्याचा एक डोळा भरून झाला होता. दुसऱ्यासाठी लागणारा निळा दोरा अजून उत्तम स्थितीत आहे.

जुलैत माझ्या शर्टाचं बटण तुटलं. दुसऱ्या दिवशी मुलाखत. सुई मागितली तर काकूने आधी एक पापड घेऊन मोडून पाहिला. तो मोडला नाही, वाकला. "सादळलाय. आज डबा उघडायचा नाही. दसऱ्यानंतर ये." आणि एक सेफ्टी पिन दिली, तीही पावडर लागलेली. मुलाखतीत मी छातीवर हात ठेवूनच सगळी उत्तरं दिली. तिथल्या लोकांना ती नम्रता वाटली असावी.

दिवाळी झाल्यावर शर्ट घेऊन गेलो. पापड कटकन मोडला. डबा उघडला, त्यातला डबा उघडला, त्यातली बाटली उघडली. काकूने सुई पुसली आणि उजेडाकडे धरून दोरा ओवायला घेतला. दोऱ्याला थुंकी लावायला आमच्या घरात सक्त बंदी, कारण तीही ओलच. पहिल्यांदा टोक नेढ्याच्या डावीकडून गेलं, मग उजवीकडून. चष्मा बदलला. काका पेपराआडून बघत होते. पाचव्या खेपेला टोक फिसकटलं तशी ती मला म्हणाली, "जरा तांब्याभर पाणी आण रे आतून. आणि यांनाही ने, यांना तांब्या सापडेल."

आम्ही दोघं पाणी घेऊन आलो तर सुईत दोरा ओवलेला. पाणी तिला नकोच होतं.