अडीच वाजताचा मोडता

ब्रिटनमधल्या मतदाराला आपला खासदार काय करतो हे पाहायचं असेल, तर फार खटपट करावी लागत नाही. सभागृहात बोललेलं हॅन्सार्डमध्ये छापून येतं. मतविभाजनात कोण ‘होय’च्या दालनातून गेलं आणि कोण ‘नाही’च्या, याची नावानिशी यादी प्रसिद्ध होते. ‘दे वर्क फॉर यू’ ही साइट २००४ पासून कित्येक वर्षं या साऱ्याची खासदारागणिक गोळाबेरीज करून देत होती: किती मतदानांना हजर, किती भाषणं, किती लेखी प्रश्न, पक्षाच्या विरोधात किती वेळा मत.

आकडे मिळू लागले आणि व्हायचं तेच झालं. काही खासदार आकड्यांसाठी बोलू लागले. चालू भाषणात उठून दोन वाक्यं टाकायची, मंत्र्यांवर लेखी प्रश्नांची सरबत्ती करायची, सगळं आपल्या खात्यावर जमा. हा सोस किती पोकळ आहे ते दाखवायला साइटवाल्यांनीच मग एक खोडसाळ रकाना जोडला. सलग तीन शब्द एकाच अक्षराने सुरू होणारा अनुप्रास या खासदाराने भाषणांत किती वेळा साधला, त्याची मोजणी. मोरोपंत वेस्टमिन्स्टरला निवडून गेले असते तर पहिल्याच अधिवेशनात अव्वल ठरले असते.

आकड्यांवरच जायचं, तर उत्तर आयर्लंडातल्या शिन फेनचे सात खासदार देशातले सर्वांत आळशी ठरतात. मतदान शून्य, भाषण शून्य. पण लंडनच्या सभागृहात पाऊल ठेवणार नाही, असं सांगूनच ते निवडून येतात, आणि दिलेला शब्द इतक्या चोखपणे पाळणारे लोकप्रतिनिधी दुसरे दाखवणं अवघड आहे. स्पीकरसाहेबही मत देत नाहीत. समसमान मतं पडली तरच त्यांचं तोंड उघडतं. तेव्हा रकाना कोरा म्हणजे माणूस रिकामा, असं नाही. याच्या उलटही खरं आहे. एखाद्या माणसाने सभागृहात केलेली सर्वांत मोठी कामगिरी त्याच्या मतदानाच्या नोंदीत कुठे म्हणजे कुठेच सापडत नाही, अशीही सोय तिथे आहे. या सोयीचे सर्वांत नामांकित लाभार्थी म्हणजे सर ख्रिस्तोफर चोप.

चोपसाहेब १९९७ पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्चचे हुजूर पक्षाचे खासदार आहेत. त्याआधी १९८३ ते १९९२ ते साउदॅम्प्टन इचेनचे खासदार होते, आणि त्याहीआधी लंडनमधल्या वॉन्ड्सवर्थ परिषदेचे नेते. ज्या डोईपट्टीने पुढे थॅचरबाईंची खुर्ची डळमळली, ती राबवणाऱ्या कनिष्ठ मंत्र्यांत तेही होते. मतदानाची नोंद म्हणाल तर त्यात दचकण्यासारखं काही नाही. २०१३ मध्ये समलिंगी विवाहाच्या विधेयकाविरुद्ध मत, युरोपातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत. क्राइस्टचर्च हा निवृत्त मंडळींचा मतदारसंघ. तिथल्या सज्जनांनी जे अपेक्षिलं, तेच त्यांच्या खासदाराने केलं. पण चोप हे नाव घरोघरी पोचलं ते मतांमुळे नव्हे. ते पोचलं शुक्रवारी दुपारी अडीच वाजता.

हा शुक्रवार नीट समजून घेतला पाहिजे. ब्रिटिश संसदेचं वेळापत्रक सरकारच्या मुठीत असतं. साध्या खासदाराने आणलेल्या विधेयकांसाठी अधिवेशनातले तेरा शुक्रवार तेवढे राखून ठेवलेले असतात. त्यासाठी सोडत निघते. वीस नावं काढली जातात. नाव निघालं की त्या खासदाराच्या दारात देशभरातल्या संस्थांची रीघ लागते. ही सगळी काही पोरकट हौस नव्हे. फाशी रद्द करण्याचा १९६५ चा कायदा आणि गर्भपाताचा १९६७ चा कायदा, हे दोन्ही याच वाटेने आले. पण शुक्रवारी बहुतेक खासदार आपापल्या मतदारसंघात गेलेले असतात. सभागृह ओस. भाषणांना वेळेची मर्यादा नाही. चर्चा थांबवून मत घ्यायचं, तर बाजूने किमान शंभर माणसं उभी हवीत, आणि शुक्रवारी शंभर खासदार जमवणं म्हणजे काय, हे विधेयक मांडणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून एकाने उठायचं आणि घड्याळाकडे बघत बोलत राहायचं. मजूर पक्षाचे अँड्र्यू डिस्मोर २००५ च्या डिसेंबरात असेच तीन तास सतरा मिनिटं बोलले आणि घरात शिरलेल्या चोराचा सामना करणाऱ्या घरमालकांसाठीचं विधेयक त्यांनी बोलून बोलून संपवलं. या बाबतीत पक्षभेद नाही.

मग वाजतात अडीच. चर्चा संपते. यादीत उरलेल्या विधेयकांची नुसती नावं एकामागून एक वाचली जातात. नाव वाचल्यावर सगळे गप्प राहिले, तर विधेयक चर्चेशिवाय पुढच्या पायरीवर जातं. कुणी एकाने जागेवरून ‘ऑब्जेक्ट!’ एवढं म्हटलं की ते तिथेच अडतं. कारण सांगावं लागत नाही, भाषण करावं लागत नाही, दालनापर्यंत पायपीट नाही. एका माणसाचा एक शब्द उरलेल्या ६४९ जणांना भारी पडतो, आणि ते मत नव्हे म्हणून त्याची मतदानाच्या यादीत नोंद नाही. हॅन्सार्डातही कित्येकदा हरकत छापली जाते ती नुसती ‘माननीय सदस्यां’च्या नावावर.

१५ जून २०१८ हा असाच शुक्रवार. बाथच्या लिबरल डेमोक्रॅट खासदार वेरा हॉबहाउस यांचं विधेयक यादीत होतं. बाईच्या स्कर्टखाली फोन धरून चोरून फोटो काढणं हा इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र गुन्हा नव्हता. स्कॉटलंडने ती सोय आधीच करून ठेवली होती. सरकारचा पाठिंबा होता, विरोधकांचाही होता. विधेयकाचं नाव वाचलं गेलं आणि चोपसाहेब म्हणाले, ‘ऑब्जेक्ट.’ सभागृहात ‘शेम, शेम’ झालं. हॉबहाउसबाईंनी नंतर त्यांना गाठून विचारलं, तर बाईंच्याच सांगण्याप्रमाणे, हा फोटोचा प्रकार नेमका काय असतो हे साहेबांना नीटसं माहीत नव्हतं. त्याच दुपारी पोलिसांच्या कुत्र्या-घोड्यांना इजा करणाऱ्यांवरच्या विधेयकालाही त्यांनी मोडता घातला. ते विधेयक आलं होतं फिन नावाच्या कुत्र्यामुळे. गुन्हेगाराचा पाठलाग करताना त्याला भोसकलं होतं, आणि विधेयक मांडणारे खासदार चोपसाहेबांच्याच पक्षाचे होते. म्हणजे पक्षपाताचा आरोप करायलाही जागा नाही.

पुढच्या सोमवारी संसदेतल्या त्यांच्या कचेरीच्या दारावर तोरण लागलं. आंब्याच्या पानांचं नव्हे, बायकांच्या चड्ड्यांचं. मतदारसंघातल्या कचेरीनेही तो मान मिळवला. त्याच वर्षाच्या नववर्ष सन्मानांत त्यांना ‘सर’ ही पदवी जाहीर झाली होती, त्यामुळे वर्तमानपत्रांना मथळ्यांसाठी डोकं खाजवावं लागलं नाही. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी निराशा व्यक्त केली.

चोपसाहेबांचं म्हणणं मात्र ऐकून घेण्यासारखं आहे. आपला विरोध या कायद्याला नाही, असं ते म्हणाले. नवा गुन्हा निर्माण करणारा, माणसाला तुरुंगात टाकणारा कायदा एकही शब्द न बोलता, नुसत्या मौनाने पुढे सरकावा, याला आपला विरोध आहे. आपल्याला बळीचा बकरा केलं, असंही त्यांना वाटलं. तत्त्व म्हणून याला नाव ठेवायला जागा नाही. कायदा करण्यापूर्वी कायदेमंडळाने त्यावर बोलावं, ही मागणी अवास्तव कशी म्हणणार? पंचाईत इतकीच की चर्चेचे हे कैवारी स्वतःही याच शुक्रवारांसाठी विधेयकांचा रतीब घालत असतात. २०१३ मध्ये पीटर बोन आणि फिलिप हॉलोबोन या स्वपक्षीय खासदारांच्या जोडगोळीबरोबर त्यांनी संसदेत रात्रीचा मुक्काम ठोकला होता. उद्देश हा की विधेयकं नोंदवायच्या रांगेत आपला पहिला नंबर लागावा. सरकारी कायद्यांची यादी राणीच्या भाषणातून जाहीर होते, म्हणून तिथून बाहेर पडलं ते ‘पर्यायी राणीचं भाषण’, चाळीसएक विधेयकांचं: फाशी परत आणा, सक्तीची लष्करी सेवा परत आणा, बुरख्यावर बंदी घाला, बीबीसी विका, ऑगस्टच्या सुटीला मार्गारेट थॅचर दिन म्हणा. फाशी परतली नाही, बीबीसी विकली गेली नाही, आणि ऑगस्टची सुटी आजही बिननावाची आहे.

आता हरकतींचा हिशेब पाहू. संगणकशास्त्राचे प्रणेते अ‍ॅलन ट्युरिंग यांना समलिंगी संबंधांबद्दल १९५२ मध्ये शिक्षा झाली. तिच्याबद्दल मरणोत्तर माफी देणारं विधेयक २९ नोव्हेंबर २०१३ ला आलं. चोप म्हणाले, ‘ऑब्जेक्ट.’ पुढची तारीख फेब्रुवारीत पडली. सरकारने तेवढी वाट पाहिलीच नाही. २४ डिसेंबरला राणीने विशेषाधिकारात माफीपत्रावर सही केली. स्कर्टचं विधेयक अडलं, आरडाओरडा झाला, आणि सरकारने तेच विधेयक आठवड्याभरात स्वतःचं म्हणून आणलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. फिनच्या कायद्यावर एप्रिलमध्ये राजमुद्रा उमटली. मुलींच्या जननेंद्रियाच्या विच्छेदनाचा धोका असेल तिथे न्यायालयाला लवकर हस्तक्षेप करता यावा, यासाठीचं विधेयक चोपसाहेबांनी ८ फेब्रुवारी २०१९ ला रोखलं. पुन्हा मथळे, पुन्हा स्वपक्षीयांच्या शिव्या, आणि मार्चमध्ये कायदा तयार. सर्कशीत जंगली जनावरांना बंदी घालणारं विधेयक त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी एकामागून एक शुक्रवारी हाणून पाडलं होतं. त्या बंदीचाही कायदा २०१९ मध्ये झाला. या माणसाने ज्याला ‘नको’ म्हटलं ते झालं, आणि ज्याला ‘हवं’ म्हटलं ते कपाटात राहिलं. सामाजिक संस्थांनी खरं तर त्यांना आगाऊ निमंत्रण द्यायला हवं होतं: साहेब, आमच्या विधेयकाला हरकत घ्याल का?

याच दुपारची एक कमी गाजलेली बाजू आहे. अडीच वाजता ‘ऑब्जेक्ट’ म्हणणारे चोप एकटे नसतात. सरकारी बाकावर एक प्रतोद बसलेला असतो. सरकारला नको असलेल्या विधेयकांची नावं वाचली गेली की तो पुटपुटतो. त्याच्या दारावर कुणी तोरण बांधत नाही, कारण त्याचं नावच कुणाला माहीत नसतं. चोपसाहेब जे एका बाण्याने, मोठ्याने आणि शिव्या खाऊन करतात, ते सरकार दर शुक्रवारी पगारी माणसाकडून करवून घेतं आणि सोमवारी चोपसाहेबांबद्दल निराशा व्यक्त करतं.

शुक्रवारची ही थट्टा आपल्याला अगदीच परकी नाही. २ जून १८९३ ला, तोही शुक्रवारच, याच सभागृहात एक मतदान झालं. सनदी सेवेची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला. त्यामागे उभे होते फिन्सबरी सेंट्रलचे खासदार, मुंबईच्या एल्फिन्स्टनमधले एकेकाळचे गणिताचे प्राध्यापक दादाभाई नौरोजी. दादाभाई वर्षभरापूर्वी अवघ्या पाच मतांनी निवडून आले होते. सभागृह विरळ होतं, सरकार गाफील होतं, आणि ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. दादाभाईंच्या नोंदीत यश पक्कं लिहिलं गेलं. सरकारने हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांची मतं मागवली, ती आली तशीच आली, आणि ठराव बासनात गेला. हिंदुस्थानात परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडलं. दिल्लीतही खासगी विधेयकांचा वार शुक्रवारच ठेवला गेला. स्वतंत्र भारतात अशी चौदा विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० मध्ये.

चोपसाहेबांच्या त्या एका शब्दाने एकदा मात्र चक्क स्वतःच्या सरकारला कात्रीत धरलं. माजी मंत्री ओवेन पॅटरसन यांनी पैसे घेऊन कंपन्यांची वकिली केल्याचं शिस्त समितीने ठरवलं होतं. त्यांना वाचवण्यासाठी बोरिस जॉन्सन सरकारने ३ नोव्हेंबर २०२१ ला नियमच बदलायला घेतले. मतदान जिंकलं, पण एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि पॅटरसन खासदारकी सोडून गेले. आता उरलं होतं आधीचा निर्णय गुपचूप पुसून टाकणं. त्यासाठी सोमवार, १५ नोव्हेंबरची रात्र निवडली गेली. उशीर झालेला, बाकं रिकामी, नाव वाचायचं आणि सगळ्यांनी गप्प राहायचं. चोप होतेच. ‘ऑब्जेक्ट.’ दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कॅमेऱ्यांसमोर, सरकारला त्याच विषयावर चर्चा घ्यावी लागली. जे प्रकरण झाकायचं होतं ते पुन्हा तासभर उगाळलं गेलं. हुजूर पक्षाच्या तरुण खासदारांनी त्या दिवशी चोपसाहेबांबद्दल जे उद्गार काढले, ते इथे छापण्यासारखे नाहीत. विरोधी बाकांवर मात्र आनंदी आनंद होता.

क्राइस्टचर्चकरांनी या सगळ्याचा निकाल आपल्या पद्धतीने लावला आहे. तोरण लागल्यानंतर दीड वर्षाने, डिसेंबर २०१९ मध्ये, चोपसाहेब चोवीस हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. २०२४ मध्ये देशभर हुजूर पक्षाची धूळधाण उडाली, माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांचीही जागा गेली. मताधिक्य घटलं, तरी क्राइस्टचर्चची जागा चोपसाहेबांकडेच राहिली.